फ्रान्समधल्या खेड्यात यजमानांच्या टेबलावर जेवायचंय – काय न्यावं, काय सांगावं?

निशिगंधा (१२ एप्रिल)

नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटी आम्ही फ्रान्सला जातोय. पॅरिस उरकलं की बाकी सगळा मुक्काम दोर्दोन्य भागात, सार्ला गावाच्या जवळ. एका वयस्कर शेतकरी जोडप्याच्या घरी खोल्या घेतल्यात. त्यांची अक्रोडाची बाग आहे, परसात भाजीचा मळा आहे, कोंबड्या आहेत. मला हॉटेलात राहायचंच नव्हतं. माणसं भेटायला हवी होती.

आता माणसं भेटणार म्हटल्यावर धाकधूक सुरू झालीय. तिथल्या काकूंचं परवा पत्र आलं, भाषांतर यंत्रातून काढलेल्या इंग्रजीत. पहिल्या संध्याकाळी सात वाजता अंगणात आपेरोला या. गुरुवारी आमच्याबरोबर टेबलावर जेवा, त्याचे पैसे वेगळे. आणि शेवटी, "तुम्ही सगळं खाता ना?"

इथे अडकले. आई शाकाहारी, अंडं चालतं. बाबा बीफ सोडून सगळं. लेक अकरा वर्षांची, तिचं दर आठवड्याला बदलतं. नवऱ्याला चीज दिसलं की बाकी काही नको.

तर पुण्याहून काय न्यावं? आईचं कसं सांगावं, म्हणजे ती उपाशी राहणार नाही आणि त्या काकूंनाही ताप होणार नाही? आणि एकदा त्यांना आपल्या हातचं खाऊ घालायची फार इच्छा आहे. अंगणात पाहुण्यांसाठी उन्हाळी स्वयंपाकघर आहे, वापरा म्हणाल्यात. काय करावं?

टवाळ

तिकडे शाकाहारी म्हणजे मासे खाणारा. आईंना आधी बंगाली करून टाका, प्रश्न मिटला.

लियोंकर

बरीच वर्षं इकडे आहे, सासुरवाडी खेड्यातली, म्हणून जरा लांबण लावतो.

आपेरो म्हणजे जेवणाआधीचं पेय आणि थोडं तोंडात टाकायला, जेवण नव्हे. सातला बोलावलंय तर सात-सव्वासातला जा, सातच्या आधी अजिबात नको. टेबलावर ऑलिव्ह, शेंगदाणे, लोण्याबरोबर खायचे छोटे लाल मुळे, आणि त्या भागात बहुतेक घरची अक्रोडाची वाइन असेल. तास-दीड तास गप्पा मारायच्या आणि उठायचं. "आपेरो दिनातवार" असा शब्द वापरला असेल तरच पोटभर समजा.

सगळ्यात महत्त्वाचं, इथे आग्रह नसतो. "आणखी घेणार?" असं एकदा विचारतात. संकोचाने "नको नको" म्हणालात की भांडं पुढे सरकतं आणि परत येत नाही. त्यात रुक्षपणा नाही. तुम्ही नको म्हणालात, त्यांनी तुमच्या शब्दाचा मान ठेवला, इतकंच. आईंना बजावून ठेवा, भूक असेल तर पहिल्याच फेरीत हो म्हणायचं. घेतलेलं मात्र पानात टाकायचं नाही.

बारीकसारीक: पाव ताटलीत नाही, ताटलीच्या बाजूला थेट टेबलावर ठेवायचा. उलटा ठेवलात तर जुनी माणसं मुकाट्याने सुलटा करतात, ते अशुभ मानतात. हात मांडीवर नकोत, मनगटं टेबलाच्या कडेला दिसली पाहिजेत. चीजचं ताट गोडाच्या आधी येतं आणि एकदाच फिरतं. निमुळत्या तुकड्याचं टोक छाटून घेऊ नका, कडेने लांब काप काढा. मऊ भाग टोकाकडे असतो, तो सगळ्यांच्या वाट्याला यायला हवा. मिस्टरांना हे विशेष सांगा.

पुण्याहून पेढे, खव्याची मिठाई, तूप यातलं काहीही आणू नका. भारतातून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे. हापूसही नको. ताज्या फळांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. त्यातून सूट फक्त केळं, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियनला. बाकरवडी, चकली, पोह्यांचा चिवडा बिनधास्त आणा. आपेरोच्या टेबलासाठीच जन्माला आलेत ते पदार्थ.

फुलं न्यायची झाली तर शेवंती सोडून काहीही. शेवंती इथे १ नोव्हेंबरला कबरींवर वाहतात.

टवाळ

ड्युरियन चालतो आणि हापूस नाही? ब्रसेल्सवर मोर्चा काढला पाहिजे.

माधुरी_ठाणे

लियोंकर, आपेरोचं तुम्ही आत्ता सांगताय. आमच्या नणंदेचे यजमान ब्रिटनीत असेच आपेरोला गेले. शेंगदाणे संपले, ऑलिव्ह संपले, हे आपले जेवण येईल म्हणून बसलेले. दहा वाजले. शेवटी त्या बाई उठल्या आणि त्यांनी आम्लेट करून वाढलं. ते अजून सगळ्यांना सांगत असतात, फ्रेंच लोक रात्री उशिरा जेवतात आणि नुसतं आम्लेट खातात.

शंकासुर

एक मूलभूत शंका. गुरुवारचं जेवण पैसे घेऊन आहे. म्हणजे ही खानावळ झाली. खानावळवाल्याला "यजमान" का म्हणायचं आणि त्याच्यासाठी विमानातून चिवडा का न्यायचा? उद्या आम्ही अप्पा बळवंत चौकातल्या मेसमध्ये जाताना पुरणपोळ्या न्याव्यात काय? हा सगळा "अस्सल खेडं अनुभवा" धंदा आहे. आपण भावनिक होतो, ते पावती फाडतात.

लियोंकर

शंकासुर, धंदा आहेच, कोणी लपवत नाही. पण खानावळ नाही, आणि हे मी कायद्याच्या आधाराने सांगतोय. या प्रकाराला शाँब्र दोत म्हणतात. जास्तीत जास्त पाच खोल्या आणि एका वेळी पंधरा पाहुणे. त्याहून जास्त झाले की हॉटेलाचे नियम लागू. यजमानांनी स्वतः स्वागत करायचं, सकाळची न्याहारी भाड्यातच. रात्रीच्या जेवणाला ताब्ल दोत म्हणतात. ते फक्त मुक्कामी पाहुण्यांना देता येतं, वाटेवरच्या गिऱ्हाइकाला नाही. सगळ्यांना एकच बेत, घरच्याच टेबलावर. तुम्ही वेगळं टेबल मागू शकत नाही, मेनूकार्डही मागू शकत नाही.

यामागे इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर खेडी ओस पडायला लागली, शेतावरची जुनी घरं पडायला आली. १९५५ साली "जीत द फ्रान्स" ही संघटना उभी राहिली ती याच कारणाने. शेतकऱ्याला दोन पैसे मिळावेत, घर उभं राहावं, आणि शहरातल्या माणसाला परवडणारी सुट्टी मिळावी. तिथे हॉटेलासारखे तारे नसतात, दर्जा गव्हाच्या लोंब्यांनी दाखवतात, एक ते पाच.

शंकासुर

लोंब्या लावल्या तरी पावती ती पावतीच.

वेळणेश्वरवाले

मला इथे बोलावंच लागेल. आम्ही कोकणात घरातल्याच खोल्या पर्यटकांना देतो. जेवणही देतो, ताटामागे पैसे घेतो. दर भिंतीवर लिहिलाय.

पण शंकासुर, एक सांगा. पाहुणे रात्री अकराला पोचतात, घाटात गाडी बंद पडलेली असते, तेव्हा बायको उठून पिठलं टाकते, ते दरपत्रकात कुठे आहे? गेल्या मे महिन्यात नाशिकचं एक कुटुंब होतं, त्यांच्या आजी आमच्या आईबरोबर ओटीवर बसून फणसाचे गरे सोलत होत्या, दोन दिवस. निघताना आजींनी स्वतःच्या हातची गोधडी पाठवेन म्हणून सांगितलं आणि खरंच पाठवली. त्याच आठवड्यात दुसरे एक आले. पोहे गार झाले म्हणून मोबाइलवर एक तारा देऊन गेले. दोघांकडून पैसे तेवढेच घेतले.

पैसे ठरलेले असतात म्हणून तर पाहुण्याला मोकळं वाटतं. फुकट जेवायला घातलं असतं तर त्या नाशिकच्या आजी अवघडून बसल्या असत्या, गरे सोलायला आल्या नसत्या. निशिगंधाताई, चिवडा जरूर न्या. आम्हाला कोणी आणला तर आम्हाला आवडतो.

माधुरी_ठाणे

वेळणेश्वरवाले, +१. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, दिवाळीत खोली आहे का?

शंकासुर

काका, तुमचं पिठलं मान्य. पण तुम्ही आपले.

सई_ग

मूळ प्रश्नाकडे येऊ. आम्ही त्याच भागात राहिलोय आणि मी शाकाहारी आहे, त्यामुळे सावध करते. पेरिगोर (दोर्दोन्यचंच जुनं नाव) म्हणजे बदक आणि हंस. तिथे बदकाची चरबी हीच फोडणी. सार्लाचे प्रसिद्ध बटाटे, लसूण-पार्स्ली घातलेले, दिसायला निव्वळ बटाटेच, ते बदकाच्या नाहीतर हंसाच्या चरबीत परतलेले असतात. लसणीचं सूप, त्याला तूरँ म्हणतात, त्यातही चरबी. "सॅलड" म्हणून जे येतं त्यात बदकाची गिझर्ड, म्हणजे पेटे. आणि हे कोणी मुद्दाम लपवत नाही. त्यांच्या लेखी तो मांसाहार नसतोच, मांस म्हणजे ताटलीतला तुकडा.

म्हणून "मी मांस खात नाही" एवढं लिहून भागत नाही. न खाण्याची यादी पाठवली की बिचाऱ्या घाबरतात. मी उलटं केलं. काय खाते ते लिहिलं: अंडी, चीज, लोणी, भाज्या, मशरूम, अक्रोड, मसूर. आणि खाली एकच ओळ, बदकाच्या चरबीऐवजी अक्रोडाचं तेल किंवा लोणी चालेल का? बाईंचं उत्तर आलं की लोण्यातले बटाटे हे काही खरे बटाटे नव्हेत, पण करीन.

आणि काय जेवलो! रोकामादूरची शेळीच्या दुधाची छोटी चकती भट्टीत गरम करून, पावाच्या कापावर, खाली अक्रोडाच्या तेलातली पानं. पिवळ्या जिरोल मशरूमचं आम्लेट. चेरीचं क्लाफुती, बिया न काढता, कारण बिया काढल्या तर चव जाते असं तिथल्या सगळ्या आज्या सांगतात.

चीजबद्दल मात्र आईंना आधीच विचारा. रोकामादूर काय, रोकफोर काय, कोंते काय, पारंपरिक पद्धतीत दूध फाडायला वासराच्या किंवा करडाच्या पोटातलं रेनेट लागतं. कट्टर असतील तर चीज सोडावं लागेल.

अतरंगी

चरबी नको, रेनेट नको, बीफ नको. मग जायचं कशाला? कंडक्टेड टूरने जा, आयफेल टॉवरखाली वरणभात मिळतो. ज्या गावाला जावं तिथलं खावं, नाहीतर घरी बसावं.

निशिगंधा

अतरंगी, आई पासष्टीची आहे आणि पहिल्यांदाच देशाबाहेर पडतेय. तिने काय खावं हे तिने ठरवलेलं आहे, कुठे जावं हेही तीच ठरवेल. खरं तर दोर्दोन्य तिनेच निवडलं, लास्कोच्या गुहाचित्रांसाठी. ती शाळेत चित्रकला शिकवायची.

सई, चीजचं विचारलं. "मला कशाला सांगितलंस" म्हणाली.

टवाळ

काकू जिंकल्या.

लियोंकर

लास्कोसाठी एक टीप. मूळ गुहा १९६३ पासून बंद आहे, श्वासोच्छ्वासाने चित्रं खराब व्हायला लागली होती. तुम्ही बघाल ती माँतिन्याकमधली प्रतिकृती, लास्को ४. सुट्टीच्या दिवसांत तिकिटं आधी काढा.

रांगडा_कोल्हापुरी

बाबांसाठी माझ्याकडून. मी कंपनीच्या कामानं लिमोजला होतो, तिथल्या एका साहेबानं शनिवारी शेतावरच्या घरी नेलं. त्याचा बाप ऐंशीच्या पुढचा. सूप संपत आलं, तळाला चार चमचे राहिलं, तर म्हाताऱ्यानं त्यात लाल वाइन ओतली, खोलगट ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाला लावली. सुनेनं कपाळावर हात मारला. साहेब मला म्हणतोय, याला शाब्रोल म्हणतात, आता शहरात कोण करत नाही, तू लक्ष देऊ नको.

लक्ष देऊ नको काय? मीपण ओतली, मीपण तोंडाला लावली. तांबड्या रश्श्याची वाटी अशीच तर संपवतो आपण. म्हातारा उठला, आत गेला आणि एक धुळकट बाटली घेऊन आला. मग पुढचं मला नीट सांगता येत नाही.

बार्देसकार

रांगडा, ती धुळकट बाटली म्हणजे न्योल असणार. घरच्या फळांची दारू, प्लमची नाहीतर पेअरची. फ्रान्समधे ज्याची स्वतःची फळझाडं आहेत त्याला स्वतःची फळं गाळून घेता येतात, त्याला बुयर द क्रू म्हणतात. पूर्वी ठरावीक प्रमाणात कर माफ होता आणि तो हक्क बापाकडून मुलाकडे जायचा. १९६० पासून वारसाने मिळणं बंद झालं. त्यामुळे ज्यांच्याकडे जुना हक्क होता ती म्हातारी माणसं एकेक करून गेली.

मी जहाजावर होतो तेव्हाचा एक दोस्त आहे, बर्गंडीचा. त्याच्या गावात हिवाळ्यात फिरती भट्टी येते, चाकांवरचा तांब्याचा अलांबिक. सगळा गाव आपापली पिंपं घेऊन रांगेत. वास आला आणि मला एकदम मार्च महिन्यातली आमची काजूची भट्टी आठवली. मी त्याला विचारलं, पहिल्या धारेचं काय करता? आम्ही उर्राक म्हणून पितो. तो हसला, म्हणाला, आम्ही पहिली धार फेकतो, ती विषारी. यावर आमचा अर्धा तास वाद झाला. नंतर कळलं की तो भट्टीतून येणाऱ्या पहिल्या कपभराबद्दल बोलत होता आणि मी पहिल्या गाळपाबद्दल. तोपर्यंत दुसरी बाटली उघडली होती.

पुढच्या खेपेला फेणी नेली. दोस्ताच्या आईने वास घेतला, एक घोट घेतला, आणि उरलेली बाटली घशाच्या औषधाच्या कपाटात ठेवली.

डॉ_अ

रंगाचा बेरंग करतोय, पण फुआ ग्राचं, म्हणजे बदकाच्या फुगवलेल्या यकृताचं, कोणी बोललं नाही. बदकाच्या घशात नळी घालून मका कोंबतात, यकृत सुजेपर्यंत. पेरिगोरमधे टेबलावर ते येणारच. मी खात नाही, आणि जाहीरपणे खात नाही.

लियोंकर

डॉक्टर, मीही खात नाही, आणि माझे सासरे बदकं पाळायचे. "आभारी आहे, मी घेत नाही" एवढं पुरतं. का घेत नाही ते कोणी विचारलं तर सांगावं. न विचारता टेबलावर सांगितलं तर संध्याकाळ संपते.

टवाळ

दुकानांच्या वेळा कोणी सांगितल्या नाहीत. दुपारी १२ ते २ गाव बंद, रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारी बेकरीसुद्धा बंद. पुण्याला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा जाऊन यावं.

सुगरण_नव्हे

स्वयंपाकाबद्दल लिहिते, कारण आम्ही हा प्रयोग केलाय, लोट नदीच्या काठी.

कणीक: फ्रान्समधे पिठाच्या पुड्यावर टी आणि आकडा असतो. आकडा पिठातल्या खनिजांवरून ठरतो, म्हणजे जितका मोठा तितका कोंडा जास्त. टी ४५ केकचं, टी ५५ मैद्याच्या जवळचं, टी १५० पूर्ण कोंड्याचं. पोळ्यांना टी ११० घ्या, तेही चाळून. मोठ्या सुपरमार्केटात नसलं तर ऑर्गॅनिक दुकानात नक्की. डाळीचं पीठही तिथेच, कारण नीसकडे त्याचा सोक्का करतात. तवा मात्र स्वतःचा न्या, हलका.

श्रीखंड: दही टांगत बसू नका. फ्रोमाज ब्लाँ किंवा फेसेल घ्या, ते आधीच निम्मं निथळलेलं असतं. रात्रभर फडक्यात टांगलं की चक्का तयार. आणि केशर तिकडचंच घ्या! शेजारच्या केर्सी भागात केशर पिकतं, काजार्क गावात शेतकरी विकतात. महाग आहे, पण काड्या अख्ख्या असतात. आमच्या यजमानीणबाईंना आपल्याच गावच्या केशराचा असा काही पदार्थ होतो हे माहीतच नव्हतं. त्यांनी कृती लिहून घेतली आणि वेलचीच्या जागी लिंबाची साल चालेल का विचारलं. मी चालेल म्हटलं. काय करणार.

तिखट: चवीपुरतं म्हणजे आपल्या चवीपुरतं नव्हे. मिरची वेगळी ठेवा, ठेचा वाटीत.

आणि मुख्य गोष्ट, वाढायची पद्धत. आम्ही आपलं ताट मांडलं, वरण, भात, भाजी, कोशिंबीर, पोळी, सगळं एकदम. ते दोघं बघत राहिले. मग त्यांनी आधी आमटी सूप म्हणून संपवली. मग कोशिंबीर. मग भाजी काट्याने. मग भात नुसता. पोळी शेवटी श्रीखंडाबरोबर उरली, ते मात्र बरोबर जमलं. त्यांच्या जेवणाला क्रम असतो. आपेरो, मग सुरुवातीचं, मग मुख्य, मग चीज, मग गोड. २०१० साली युनेस्कोने फ्रेंच जेवणाला वारशाच्या यादीत घेतलं तेही पदार्थांना नाही, या सगळ्या रीतीला. तेव्हा एकतर आधी दाखवून द्या, कालवून कसं खायचं ते, किंवा सरळ क्रमाने वाढा. आम्ही दुसऱ्यांदा दाखवून दिलं. आजोबांनी हाताने भात कालवला आणि नातवंडांना व्हिडिओ पाठवला.

तेजस_वूफर

खेड्यातल्या लोकांबरोबर खरंच खायचं असेल तर त्यांच्याबरोबर काम करा. मी आर्देशमधे शेळ्यांच्या फार्मवर राहिलो, वूफिंग म्हणतात. अर्धा दिवस काम, त्याबदल्यात राहणं-जेवणं. सकाळी दूध काढायचं, मग पिकोदों चीजचे साचे उलटायचे. दुपारी एका टेबलावर मालक, मालकीण, मी, एक जर्मन मुलगी आणि पशुवैद्य आलेला असेल तर तोही. तिथे कोणी पाहुणा नव्हता. मी भांडी घासायला उठलो नाही तर मालकीण नुसती बघायची.

शंकासुर

म्हणजे पैसे पण नाहीत आणि भांडी पण घासायची. यापेक्षा खानावळ बरी.

निवृत्त_सॅपर

धागा पेरिगोरचा आहे, मी उत्तरेचं लिहितोय, क्षमा असावी. आमचं घर खडकीचं, तीन पिढ्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर पलटणीत. पा-द-कॅले भागात नव-शापेल नावाचं छोटं खेडं आहे. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर या गावात शिरल्या आणि घराघरांतून लढल्या. फार माणसं गेली. गावाबाहेर चौकात भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, १९२७ साली उभारलेलं. ज्यांचा देह मिळाला नाही अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं भिंतीवर कोरली आहेत.

आम्ही उभयता तिथे गेलो तेव्हा जवळच्या एका शेतघरात उतरलो होतो. सकाळी न्याहारीला चिकोरी घातलेली कॉफी आली, त्या भागात तशीच पितात. बाईंनी विचारलं, इकडे कशाला आलात? समुद्र लांब आहे, द्राक्षं नाहीत, काहीच नाही. मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांचे शेजारी आले, त्यांचे आणखी एक शेजारी आले. एकाने शेत नांगरताना सापडलेली पितळी बक्कल आणली होती. अजूनही तिथे नांगराला लोखंड लागतं.

त्या युद्धात आपले सैनिक फ्रेंच शेतकऱ्यांच्या घरी उतरवलेले असत, घोडदळ तर १९१८ च्या सुरुवातीपर्यंत तिथे होतं. त्यांची घरी पाठवलेली पत्रं सेन्सॉर वाचत असे, त्यामुळे उतारे शिल्लक राहिले. घरमालकीण म्हातारी कपडे धुऊन देते, आजारपणात बसून राहते, स्वतःची मुलं आघाडीवर असताना आमची काळजी घेते, असं त्यांत पुन्हा पुन्हा येतं. तेव्हा फ्रान्सच्या खेड्यात पाहुणचार घेणारे आपण काही पहिले नाही.

वेळणेश्वरवाले

काका, सलाम.

सई_ग

निवृत्त_सॅपर, यावर वेगळा धागा काढाच. ती बक्कल कोणाची होती कळलं का?

निवृत्त_सॅपर

नाही. चिन्ह झिजलं होतं.

निशिगंधा (२१ जुलै)

परत आलो. वर ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना मनापासून धन्यवाद, आईने अख्खा धागा विमानात छापील वाचला.

बाकरवडी आपेरोला ठेवली, तिथल्या काकांनी वाडगा स्वतःकडे ओढून घेतला. साडेआठला आम्ही उठलो, तेव्हा काकूंच्या चेहऱ्यावर स्पष्ट सुटकेचा भाव होता, म्हणून लियोंकर यांना दंडवत.

आम्ही पोचलो तो हिरव्या अक्रोडांचा आठवडा होता. २४ जूनच्या आसपास, आतलं कवच कडक व्हायच्या आधी, वाइनसाठी ते तोडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू अंगणात टोपली घेऊन बसल्या आणि आई जाऊन त्यांच्या शेजारी बसली. भाषा शून्य. दोघी चिरत होत्या. काकूंनी हातमोजे दिले, आईने "नको" म्हटलं, आणि लियोंकर म्हणाले तसंच झालं, पुन्हा कोणी विचारलं नाही. आईचे हात पुढचा आठवडाभर काळे होते. लास्कोमधे तिने ते गाइडला दाखवले.

गुरुवारी टेबलावर आम्ही, एक डच जोडपं आणि यजमान. आईला टोमॅटोचं टार्ट आणि लोण्यातले बटाटे. काकूंनी ते सगळ्यांसमोर जरा दिलगिरीच्या सुरात आणले. बाबांनी बदक खाल्लं आणि शाब्रोल केला. काका उठून उभे राहिले.

शनिवारी ओद्रीच्या रात्रीच्या बाजाराला काकांनीच पाठवलं. चौकात लांब टेबलं, स्टॉलवरून हवं ते आणायचं, ताटल्या-चमचे घरून न्यायचे. आमच्याकडे नव्हते, काकूंनी टोपलीत भरून दिले.

आमचं जेवण: टी ११० च्या पोळ्या, बटाट्याची भाजी, मसुराची आमटी, काकडीची कोशिंबीर, केर्सीच्या केशराचं श्रीखंड. आधी लेकीने प्रात्यक्षिक दिलं. काकांनी आमटी तरीही सूप म्हणूनच संपवली आणि तळाशी वाइन ओतली.

दारात रोज सकाळी काहीतरी ठेवलेलं असायचं, अंडी, झुकिनी, एकदा जर्दाळूचा मुरांबा. आईला रिकामं भांडं परत देववेना. झुकिनीचे थालीपीठ, झुकिनीची भजी, झुकिनीचं भरीत, भांडं भरून परत जायचं. काकूंना वाटलं आम्हाला झुकिनी फार आवडते, मग त्या आणखी ठेवायला लागल्या. हे निघेपर्यंत थांबलं नाही.

टवाळ

आंतरराष्ट्रीय झुकिनी युद्ध.

सुगरण_नव्हे

आमटीत वाइन!! आजोबांना माझा नमस्कार कळवा.

शंकासुर

सगळं वाचलं. बिल किती झालं ते लिहिलं नाहीत.

निशिगंधा

गुरुवारच्या जेवणाचे माणशी २८ युरो, वाइन धरून. लेकीचे निम्मे. पावती दिली, त्यावर अंडी आणि झुकिनी नव्हती. अक्रोडाची वाइन तयार झाली की एक बाटली ठेवतो म्हणालेत, पण ती तिथे जाऊनच घ्यायची.

शंकासुर

म्हणजे खानावळच. पत्ता व्यनि करा.